क्वांटम कॉम्प्युटरचा ताबा कधी मिळणार? कंपन्यांच्या वायद्यांचा हिशेब

जानेवारी २०२५ मध्ये एन्व्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग लास व्हेगासमध्ये शेअर बाजाराच्या विश्लेषकांशी बोलत होते. खऱ्या अर्थाने उपयोगी क्वांटम कॉम्प्युटर कधी येणार, असा विषय निघाला. १५ वर्षं म्हटलं तर ते लवकर, ३० म्हटलं तर उशिरा, २० म्हटलं तर बऱ्याच जणांना पटेल, असं ते सहज बोलून गेले. दुसऱ्या दिवशी आयनक्यू, रिगेटी आणि डी-वेव्ह या अमेरिकी बाजारातल्या क्वांटम कंपन्यांचे शेअर ३५ ते ४५ टक्क्यांनी आपटले. मार्चमध्ये हुआंग यांनी याच क्षेत्रातल्या मंडळींना आपल्या व्यासपीठावर बोलावलं आणि सारवासारव केली.

एका माणसाच्या अंदाजाने एवढा गोंधळ उडावा, याचं मला जरा नवलच वाटलं. कारण या कंपन्या गेली कित्येक वर्षं स्वतःच्या सहीशिक्क्याने तारखा देत आल्या आहेत. कोणत्या वर्षी कोणती चिप येणार, तिची क्षमता किती असणार, याचं वेळापत्रक त्या जाहीर करतात. त्याला रोडमॅप म्हणतात. पुढचं भाकीत करत बसण्यापेक्षा जुने रोडमॅप काढून मागचं तपासणं सोपं आहे, आणि त्यातून कळतंही जास्त.

आधी क्युबिट समजून घेऊ

आपल्या फोनमधला बिट एका वेळी ० तरी असतो किंवा १ तरी. क्युबिट मोजेपर्यंत या दोन्ही शक्यता काही एका प्रमाणात एकत्र बाळगतो. अनेक क्युबिट एकमेकांशी जोडले, की प्रत्येक नव्या क्युबिटगणिक शक्यतांची संख्या दुप्पट होत जाते. रेणू कसे वागतील हे काढणं, प्रचंड मोठ्या संख्येचे अवयव पाडणं, अशा काही ठरावीक गणितांत याचा मोठा फायदा होऊ शकतो. सगळ्या कामांत नाही. तुमची एक्सेलची शीट यावर भरभर चालणार नाही.

अडचण अशी, की क्युबिट भलता नाजूक असतो. थोडी उष्णता, थोडी विद्युत खरखर, शेजारच्या क्युबिटची ढवळाढवळ, एवढ्यानेही तो बिघडतो. आजच्या उत्तम यंत्रांतही साधारण हजार क्रियांमागे एखादी चूक होतेच. आणि उपयोगाच्या गणिताला कोट्यवधी क्रिया लागतात. म्हणून बरेचसे कच्चे क्युबिट एकत्र बांधून, त्यांना एकमेकांच्या चुका पकडायला लावून, त्यातून एक भरवशाचा क्युबिट उभा करायचा असतो. कच्च्याला फिजिकल क्युबिट म्हणतात आणि भरवशाच्याला लॉजिकल क्युबिट. या सगळ्या खटाटोपाचं नाव एरर करेक्शन.

पुण्या-मुंबईत फ्लॅट घेतलेल्या कुणालाही हा फरक पटकन कळेल. बिल्डरच्या माहितीपत्रकात सुपर बिल्ट-अप एरिया छापलेला असायचा, त्यात जिना, लॉबी, भिंती सगळं आलं. राहायला मिळायचा तो कार्पेट एरिया. फिजिकल क्युबिट हा सुपर बिल्ट-अप, लॉजिकल क्युबिट हा कार्पेट. फरक एवढाच, की इथलं लोडिंग भयंकर आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गुगलने ‘विलो’ ही १०५ क्युबिटची चिप जाहीर केली आणि तिचं जगभर कौतुक झालं, तेही योग्यच होतं. पण त्या जवळजवळ अख्ख्या चिपमधून लॉजिकल क्युबिट निघाला तो एक, आणि त्याने करून दाखवलेलं काम म्हणजे माहिती न बिघडू देता धरून ठेवणं.

आता रोडमॅपमधला आकडा दिसला, की तो यातल्या कुठल्या एरियाचा आहे हे विचारायचं.

आयबीएम: पैकीच्या पैकी गुण, पण पेपर कुठला?

वायदे पाळण्यात आयबीएमचं नाव सगळ्यात चांगलं आहे, आणि ते उगाच नाही. सप्टेंबर २०२० मध्ये कंपनीने सांगितलं: २०२१ मध्ये १२७ क्युबिटचा ‘ईगल’, २०२२ मध्ये ४३३ चा ‘ऑस्प्रे’, २०२३ मध्ये हजाराच्या वर जाणारा ‘काँडॉर’. (आयबीएमला पक्ष्यांच्या नावांचा भारी सोस.) ईगल नोव्हेंबर २०२१ मध्ये आला. ऑस्प्रे नोव्हेंबर २०२२ मध्ये. काँडॉर डिसेंबर २०२३ मध्ये, १,१२१ क्युबिटचा. अशा क्षेत्रात तीन वर्षं ओळीने शब्द पाळणं ही साधी गोष्ट नव्हे.

पण ज्या कार्यक्रमात काँडॉर जाहीर झाला, त्याच कार्यक्रमात ‘हेरॉन’ नावाची दुसरी चिपही मांडली गेली. क्युबिट फक्त १३३. चुका मात्र ईगलपेक्षा कितीतरी कमी. पुढची यंत्रं आयबीएमने हेरॉनवर उभी केली. काँडॉर बनला, वायदा पुरा झाला, आणि तो बाजूला पडला. क्युबिटची संख्या वाढवण्याच्या शर्यतीत आकडा गाठता येतो, पण चुका कमी झाल्या नाहीत तर त्या आकड्याचं करायचं काय, हे तोवर आयबीएमलाही कळून चुकलं होतं.

मे २०२२ च्या सुधारित रोडमॅपमध्ये २०२५ साठी ४,१५८ क्युबिटचा ‘कूकाबरा’ लिहिला होता. डिसेंबर २०२३ मध्ये २०३३ पर्यंतचा नवा रोडमॅप आला, तेव्हा त्या दिशेने धावणंच थांबलं होतं. कूकाबरा हे नाव राहिलं, ते आता २०२६ च्या खान्यात आहे, आणि त्याचं काम वेगळं आहे: चुका सुधारत माहिती साठवणारा भाग आणि तिच्यावर प्रक्रिया करणारा भाग एकत्र आणणं. नोव्हेंबर २०२५ मध्ये आयबीएमने जी नवी चिप दाखवली, त्या ‘नाइटहॉक’चे क्युबिट आहेत १२०. दोन वर्षांपूर्वी १,१२१ होते!

माझ्या मते हा बदल शहाणपणाचा होता. चुकीच्या दिशेने वेळेवर पोहोचण्यापेक्षा दिशा बदललेली बरी. पण मग ‘आम्ही सगळी उद्दिष्टं वेळेत गाठली’ हे वाक्य वाचताना ती उद्दिष्टं रोडमॅपच्या कोणत्या आवृत्तीतली, हे पाहावं लागतं. सध्याच्या आवृत्तीतला मोठा वायदा ‘स्टार्लिंग’चा आहे: २०२९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सी इथे २०० लॉजिकल क्युबिटचं, १० कोटी क्रिया करू शकणारं यंत्र. यात आकडा कार्पेट एरियात दिला आहे आणि त्यावर किती काम होईल तेही सांगितलं आहे. २०२० च्या वायद्यापेक्षा हा वायदा मोडणं सोपं आहे, म्हणूनच तो जास्त प्रामाणिक वाटतो.

पट्टी कुणाच्या हातात?

मार्च २०२० मध्ये हनीवेल कंपनीने एक धाडसी घोषणा केली. आमचं यंत्र तीन महिन्यांत येईल, त्याचा क्वांटम व्हॉल्यूम ६४ असेल, आणि पुढची पाच वर्षं आम्ही तो दरवर्षी दहापट करू. क्वांटम व्हॉल्यूम म्हणजे क्युबिट किती आणि ते किती चुकतात, या दोन्हींचा मिळून एक आकडा. क्युबिट वाढवले पण चुका तेवढ्याच राहिल्या, तर हा आकडा हलत नाही.

त्यांनी हे करून दाखवलं. जून २०२० मध्ये ६४ गाठला. हनीवेलचा क्वांटम विभाग पुढे क्वांटिन्युअम या नव्या कंपनीत गेला, आणि मे २०२५ मध्ये आकडा ८३,८८,६०८ वर पोहोचला. पाच वेळा दहापट म्हणजे ६४ लाख हवे होते, हे त्याहून जास्त झाले. मला यातलं विशेष वाटतं ते असं, की क्वांटम व्हॉल्यूम ही पट्टी आयबीएमच्या शास्त्रज्ञांनी तयार केलेली. प्रतिस्पर्ध्याच्या पट्टीवर पाच वर्षांचा वायदा देऊन तो पुरा करणं, याला दाद द्यायला हवी.

आता त्याच आकड्याचा फुगा थोडा खाली आणू. क्वांटम व्हॉल्यूम २ च्या घातांकात मोजतात. ६४ म्हणजे २ चा ६ वा घात, ८३,८८,६०८ म्हणजे २ चा २३ वा. म्हणजे या चाचणीत भरवशाने वापरता येणारे क्युबिट पाच वर्षांत ६ वरून २३ झाले. हे मोठंच काम आहे. पण ‘सहावरून तेवीस’ असा मथळा आला असता, तर बातमी चौथ्या पानावर गेली असती.

आयनक्यूची गोष्ट याच्या उलट. ऑक्टोबर २०२० मध्ये कंपनीने ३२ क्युबिटचं यंत्र जाहीर केलं आणि त्याचा ‘अपेक्षित’ क्वांटम व्हॉल्यूम ४० लाखांच्या वर असेल असं सांगितलं. त्या वेळी इतर कंपन्या शंभर-दोनशेच्या आसपास घुटमळत होत्या. दोनच महिन्यांत रोडमॅप आला, आणि त्यात मोजमाप होतं ‘अल्गोरिदमिक क्युबिट’, आयनक्यूने स्वतः आणलेलं. त्यानुसार २०२३ मध्ये २९, २०२४ मध्ये ३५, २०२५ मध्ये ६४. हे तिन्ही टप्पे कंपनीने वेळेत किंवा वेळेआधी गाठल्याचं जाहीर केलं.

मग अडचण कुठे आहे? २०२२ मध्ये कंपनीने या मोजमापाची व्याख्या नव्याने बांधली. सुरुवातीला ती क्वांटम व्हॉल्यूमशी जोडलेली होती, नंतर काही नमुना प्रोग्रॅम चालवून पाहण्यावर आली. शिवाय आलेल्या उत्तरांतला गोंगाट आकडेमोडीने पुसून गुण वाढवता येतात, असा आक्षेप क्वांटिन्युअमने २०२४ मध्ये उघडपणे घेतला. तो प्रतिस्पर्ध्याने घेतला हे खरं, पण मुद्दा चुकीचा नव्हता. आयनक्यूची यंत्रं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. परीक्षार्थी, परीक्षक आणि अभ्यासक्रम ठरवणारा एकच असेल, तर पहिल्या वर्गाला फारसा अर्थ उरत नाही, इतकंच. आता तीच कंपनी २०३० पर्यंत २० लाख फिजिकल क्युबिट म्हणते आहे. एकक पुन्हा बदललं.

ज्यांच्या तारखा सरळ चुकल्या

फेब्रुवारी २००७ मध्ये कॅनडाच्या डी-वेव्हने कॅलिफोर्नियात १६ क्युबिटच्या यंत्राचं प्रात्यक्षिक दाखवलं आणि २००८ संपेपर्यंत हजारावर क्युबिट देऊ असं सांगितलं. प्रत्यक्षात १२८ क्युबिटचं यंत्र २०११ मध्ये आलं आणि हजाराचा टप्पा २०१५ मध्ये. सात वर्षं उशीर. तोही वेगळ्या प्रकारच्या यंत्रात, जे काही विशिष्ट प्रश्नांपुरतंच चालतं आणि ज्याच्या क्युबिटची तुलना इतरांच्या क्युबिटशी करता येत नाही.

रिगेटीने ऑगस्ट २०१८ मध्ये बारा महिन्यांत १२८ क्युबिटची चिप देऊ म्हटलं. ती आली नाही. २०२१ मध्ये शेअर बाजारात उतरायच्या वेळी २०२४ मध्ये १,००० आणि २०२६ मध्ये ४,००० क्युबिट असा वायदा झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये कंपनीने दिलेलं यंत्र ३६ क्युबिटचं होतं, नऊ-नऊच्या चार चिपा जोडलेलं. चुका कमी करण्यावर भर दिल्यामुळे संख्या कमी आहे हे मान्य, पण हजार आणि छत्तीस यांतलं अंतर तेवढ्याने भरून निघत नाही.

मायक्रोसॉफ्टचं प्रकरण सगळ्यात निराळं. त्यांनी ‘मायोराना’ नावाच्या विचित्र क्वांटम अवस्थेवर आधारलेला क्युबिट निवडला. तो जात्याच कमी चुकेल अशी आशा होती. मे २०१८ मध्ये त्यांच्या एका उपाध्यक्षांनी पाच वर्षांत व्यावसायिक यंत्र येईल असं सांगितलं. ज्या संशोधनाच्या जोरावर ही हवा होती, तो ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकातला २०१८ चा निबंध मार्च २०२१ मध्ये मागे घ्यावा लागला. २०२३ आलं आणि गेलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘मायोराना १’ ही चिप जाहीर झाली, आता ‘दशकं नव्हे, वर्षं’ लागतील या घोषणेसह. सोबतच्या निबंधाबरोबर ‘नेचर’ने प्रसिद्ध केलेल्या कागदपत्रांतच मात्र लिहिलं होतं, की यातले निष्कर्ष मायोराना अवस्था सापडल्याचा पुरावा ठरत नाहीत. घोषणा आणि पुरावा यांत एवढी दरी मी तरी दुसऱ्या मोठ्या कंपनीत पाहिलेली नाही.

गुगलही चुकलं. नेहमीच्या कॉम्प्युटरला न झेपणारं गणित २०१७ अखेर करून दाखवू म्हणाले, ते झालं २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये, ५३ क्युबिटच्या ‘सिकॅमोर’वर. दहा हजार वर्षांचं काम २०० सेकंदांत, असा दावा होता. आयबीएमने लगेच अडीच दिवसांत करता येईल म्हणून टाचणी लावली. त्यानंतर गुगल शहाणं झालं असावं. त्यांच्या रोडमॅपमध्ये सहा टप्पे आहेत, त्यातले दोन पार झाले, आणि पुढच्या बहुतेक टप्प्यांपुढे तारीखच नाही.

‘अहो, हे संशोधन आहे, तारखा चुकणारच!’

हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. जे कधी बनलेलंच नाही ते कधी बनेल हे नेमकं कोण सांगणार? प्रयोगशाळेतल्या उशिराबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही.

पण या तारखा प्रयोगशाळेच्या फळ्यावर लिहिलेल्या नव्हत्या. आयनक्यू २०२१ मध्ये, रिगेटी आणि डी-वेव्ह २०२२ मध्ये ‘स्पॅक’च्या मार्गाने शेअर बाजारात आल्या. स्पॅक म्हणजे आधीच बाजारात नोंदलेली, हातात पैसे पण धंदा नसलेली कंपनी. खरी कंपनी तिच्यात विलीन होते आणि नेहमीच्या आयपीओची लांबलचक छाननी बऱ्याच अंशी टळते. अशा वेळी गुंतवणूकदारांपुढे ठेवलेल्या सादरीकरणांत रोडमॅपवर बेतलेले पुढच्या वर्षांच्या उत्पन्नाचे अंदाज असतात. तळाशी बारीक अक्षरांत ‘ही विधानं भविष्याबद्दल आहेत, प्रत्यक्षात वेगळं घडू शकतं’ अशी ओळ असते. अमेरिकेत १९९५ च्या कायद्याने त्या ओळीला बरंच संरक्षण दिलं होतं; स्पॅकपुरतं ते २०२४ मध्ये काढून घेतलं गेलं. तारीख चुकली तर शास्त्रज्ञाचं फार तर हसं होतं, शेअर घेणाऱ्याचे पैसे जातात.

मग हे सगळं थोतांड आहे का?

नाही. विलोमध्ये गुगलने क्युबिटची जाळी ३×३ वरून ५×५ आणि मग ७×७ केली, तेव्हा प्रत्येक पायरीला चुका निम्म्याहून कमी झाल्या. म्हणजे जास्त कच्चे क्युबिट घातले की भरवसा वाढतो, हे प्रत्यक्षात दिसलं. सिद्धांत १९९० च्या दशकापासून सांगत होता. आधीच्या यंत्रांत मात्र क्युबिट वाढवले की चुकांचंच पीक वाढायचं. आयबीएमच्या संशोधकांनी २०२४ मध्ये चुका सुधारण्याची अशी पद्धत मांडली, की २८८ कच्च्या क्युबिटमध्ये १२ लॉजिकल क्युबिट मावतात. जुन्या पद्धतीला जवळपास तीन हजार लागले असते. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या क्वांटिन्युअमच्या ९८ क्युबिटच्या ‘हेलिओस’मध्ये दोन क्युबिटमधल्या दहा हजार क्रियांमागे साधारण आठ चुका होतात.

आणखी एक गोष्ट रोडमॅपच्या चित्रांत दिसतच नाही. यंत्रं वर चढत आहेत, तशी गरज खाली येते आहे. बँकांपासून सगळीकडे वापरात असलेलं, माहिती गुप्त ठेवणारं आरएसए-२०४८ हे कुलूप फोडायला २ कोटी कच्चे क्युबिट लागतील, असा दोन संशोधकांचा २०१९ चा अंदाज होता. मे २०२५ मध्ये त्या दोघांपैकी एकाने, गुगलच्या क्रेग गिडनी यांनी, तो १० लाखांच्या खाली आणला.

तपासणार कोण?

फ्लॅटच्या बाबतीत रेरा आल्यावर बिल्डरला कार्पेट एरिया आणि ताब्याची तारीख नोंदवणं भाग पडलं. क्वांटमला तसा कायदा नाही, पण त्याच्या जवळ जाणारी एक गोष्ट घडली आहे. अमेरिकी संरक्षण खात्याच्या डार्पा या संस्थेने २०२४ मध्ये एक कार्यक्रम सुरू केला. प्रश्न एकच: खर्चापेक्षा जास्त मोलाचं काम करणारा क्वांटम कॉम्प्युटर २०३३ पर्यंत बनू शकतो का? कंपन्यांनी आपली योजना मांडायची आणि बाहेरच्या तज्ज्ञांनी ती उलटीपालटी करून तपासायची. नोव्हेंबर २०२५ मध्ये अकरा कंपन्या दुसऱ्या टप्प्यात गेल्याचं जाहीर झालं. त्यांत आयबीएम, क्वांटिन्युअम आणि आयनक्यू आहेत. दुसऱ्या टप्प्यात जाणं म्हणजे यश मिळेल याची हमी नव्हे, पण कंपनीच्या प्रसिद्धीपत्रकापेक्षा या यादीला माझ्या लेखी जास्त वजन आहे.

आपल्याला काय त्याचं?

तुमच्याकडे या कंपन्यांचे शेअर नसले तरी दोन ठिकाणी हा विषय आपल्यापर्यंत येतो. पहिलं म्हणजे कुलपं. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटमला न जुमानणारी तीन नवी मानकं जाहीर केली. आरएसए-२०४८ सारख्या जुन्या पद्धती २०३० नंतर वापरू नयेत आणि २०३५ नंतर पूर्ण बंद व्हाव्यात, असा तिचा आराखडा आहे. इथे कुणाच्याही रोडमॅपवर विसंबलेलं नाही. आज चोरून साठवलेली माहिती पुढे कधीतरी उघडता येईल, एवढी शक्यता त्यासाठी पुरेशी आहे.

दुसरं म्हणजे आपला स्वतःचा रोडमॅप. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने ६,००३.६५ कोटी रुपयांची नॅशनल क्वांटम मिशन मंजूर केली. तिचं उद्दिष्ट आठ वर्षांत ५० ते १,००० फिजिकल क्युबिट. ५० आणि १,००० यांच्यात वीसपटीचं अंतर आहे, त्यामुळे हा वायदा मोडणं जरा कठीणच. तरी ‘फिजिकल’ असं स्पष्ट लिहिलं आहे, हे बरं केलं. ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्यातली डीआरडीओची तरुण शास्त्रज्ञांची प्रयोगशाळा, कुलाब्याची टीआयएफआर आणि टीसीएस यांनी मिळून ६ क्युबिटच्या प्रोसेसरची संपूर्ण चाचणी पार पाडली. एप्रिल २०२५ मध्ये बंगळूरच्या क्यूपीआयएआय कंपनीने २५ क्युबिटचं यंत्र जाहीर केलं, म्हणजे पहिल्या तीन वर्षांसाठी ठरवलेल्या २० ते ५० च्या आतलं. आणि आंध्र प्रदेशात अमरावतीला आयबीएमचं जे मोठं यंत्र बसवायचं ठरलं आहे, ते १५६ क्युबिटच्या हेरॉन चिपचं, १,१२१ क्युबिटच्या काँडॉरचं नव्हे.